दवणा म्हणजे कुठला दवणा?

माझं आडनाव वैद्य, नोकरी औषधाच्या कारखान्यात आणि राहणं पनवेलात. एवढ्या भांडवलावर मी लोकांच्या लेखी अर्धी डॉक्टर झाले. भाजीवाली मला गुडघे दाखवते, सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात गाठून रक्तदाब सांगतात, आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली बाई पानात जिलबी पडत असताना आपल्या साखरेचं काय करू म्हणून विचारते. मी रसायनशास्त्र शिकलेली बाई, जन्म गेला तो वाळका पाला तपासण्यात, असं सांगितलं की समोरचा माणूस "म्हणजे आयुर्वेदिक!" म्हणून जास्तच खूश होतो आणि दुसरा गुडघा पुढे करतो.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. नोकरी कधी लागली, बढती कधी मिळाली, साहेब कोण कोण आले आणि गेले, यात मलाच रस नाही तर तुम्हाला कुठून असणार? त्यापेक्षा मी एका शब्दाची गोष्ट सांगते. हा शब्द आमच्या कारखान्यात सोयीसाठी म्हणून रुजला आणि एका गरोदर पोरीच्या जिवावर उठला. तो शब्द म्हणजे दवणा.

आधी धंदा सांगते. आपट्याहून पुढे, पाताळगंगेच्या अंगाला आमचा कारखाना. नाव घेत नाही, ज्यांच्या घरचं इतकी वर्षं खाल्लं त्यांची तेवढी आब राखावी. तिथं झाडपाल्यातून औषधाची द्रव्यं वेगळी काढतात. त्यातलं मुख्य पीक आर्टेमिसिया ॲनुआ. मूळची चीनकडची वनस्पती, आता आपल्याकडेही शेतकरी लावतात. तिच्या पानात आर्टेमिसिनिन नावाचं द्रव्य असतं आणि ते मलेरियाच्या जंतूचा काळ आहे. वाळलेला पाला गोण्या भरून येतो, तो भरड करायचा, मोठ्या स्टीलच्या टाकीत पेट्रोलच्या जातीच्या एका द्रवात भिजत घालायचा, मग तो द्रव काढून घेऊन आटवायचा. खाली उरतो हिरवा-काळा चिकट लगदा. तो हाताला लागला तर चार आंघोळी पुरत नाहीत. या लगद्याला धुऊन, गाळून, पुन्हा विरघळवून थंड करत गेलं की पांढऱ्याशुभ्र सुया धरतात. अख्ख्या गोणीतून ओंजळभर. पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण विचारतो, "एवढंच?" मला त्या प्रश्नाचा राग येत नसे. त्या ओंजळीतून किती माणसं उठून बसतात हे मला ठाऊक होतं.

या द्रव्यांच्या घराण्याला टर्पिनॉइड म्हणतात. नाव अवघड आहे पण घराणं ओळखीचं आहे. पाच कार्बन अणूंची एक कडी, आणि अशा कड्या जोडत जायचं, एवढाच वनस्पतीचा खेळ. दोन कड्यांत कापूर होतो, पुदिन्याचा थंडावा होतो. तीन कड्यांत आमचं आर्टेमिसिनिन. चार कड्यांत एका डोंगरी झाडाच्या सालीतलं टॅक्सॉल, जे कॅन्सरच्या पेशंटला सलाइनमधून देतात. झाडाला पळता येत नाही, ओरडता येत नाही, म्हणून किडा आला की ते कडू, उग्र, विषारी असं काहीतरी करून ठेवतं. आपण त्याच्या त्या भांडखोरपणावर जगतो.

आर्टेमिसिनिनची गंमत अशी की त्याच्या पोटात दोन ऑक्सिजनचा एक नाजूक पूल असतो. मलेरियाचा जंतू आपल्या रक्तपेशीत घुसून आपलं रक्त खातो, त्या रक्तातलं लोह त्याच्याभोवती साठतं. औषधाचा तो पूल लोहाला लागला की तुटतो आणि फुटता फुटता जंतूला जाळून टाकतो. म्हणजे खाल्लेल्या अन्नानंच त्याचा घात होतो. शाळेतली मुलं कारखाना पाहायला आली की मी हे सांगायची, आणि मागच्या बाकावरची मुलंसुद्धा टाळ्या वाजवायची.

माझं काम दाराशी होतं. पाल्याचा ट्रक आला की तो फाटकात उभा राहायचा आणि मी होकार दिल्याशिवाय एक गोणी आत जायची नाही. नमुना घ्यायचा, त्याचा अर्क करायचा, पांढरा थर दिलेल्या काचेच्या पट्टीवर त्याचा थेंब लावायचा आणि ती पट्टी द्रावणात उभी करायची. द्रावण वर चढत जातं तसे पानातले पदार्थ आपापल्या उंचीला थांबतात. मग तिच्यावर एक फवारा मारून ती तापवली, की आर्टेमिसिनिन असेल तर ठरलेल्या जागी गुलाबी ठिपका उमटतो. यानंतर मोठ्या यंत्रावर नेमकं प्रमाण काढायचं, पण माल उतरवायचा की नाही ते ठिपक्यावर ठरे. आमच्याकडे लोक सकाळी एकमेकांना नमस्कार करण्याऐवजी "ठिपका आला का?" म्हणून विचारत. ट्रकवाले मला मनातल्या मनात काय काय म्हणत असतील ते मी ओळखून होते. माझा कान आणि नाक दोन्ही तिखट, पण निवाडा मी नाकाला कधी करू दिला नाही.

आता दवणा. आपला खरा दवणा म्हणजे चैत्रात देवाला वाहतात तो. गजऱ्यात घालतात, ज्योतिबाला, खंडोबाला जातो. तोही आर्टेमिसियाच, आमच्या पाल्याचा सख्खा चुलत. वास स्वर्गीय. त्याच्या तेलाची अत्तरं होतात आणि तो वासही टर्पिनॉइडचाच. पण मलेरियाच्या बाबतीत म्हणाल तर शून्य. आमचे शेतीखात्याचे साहेब गावोगाव फिरून शेतकऱ्यांना ॲनुआची लागवड समजावत. "आर्टेमिसिया ॲनुआ" म्हटलं की शेतकरी एकमेकांकडे बघत. म्हणून साहेबांनी नाव काढलं, परदेशी दवणा. सगळ्यांना लगेच समजलं. पुढं घाईत परदेशी गळून पडलं आणि नुसता दवणा उरला. ऑफिसात दवणा, गोदामात दवणा, हिशेबाच्या बैठकीत दवणा. आमच्या आवारात या शब्दाचा दुसरा काही अर्थ आहे हे सगळेच विसरले होते.

एका भाद्रपदात पाला कमी पडला. खरेदी विभागात नुकत्याच लागलेल्या गृहस्थांनी घाटावरच्या एका आडत्याला फोन लावला आणि विचारलं, "वाळलेला दवणा आहे का? असेल तेवढा पाठवा." आडत्याला वाटलं, देव पावला. त्याच्याकडे चैत्रात न खपलेला, वाळवून ठेवलेला ढीगभर दवणा होता. त्यानं विचारलंसुद्धा, "एवढा दवणा कशाला हो, जत्रा आहे का कुठं?" आमच्या गृहस्थांना तो विनोद वाटला आणि ते हसले.

तो ट्रक आला तो दिवस मी विसरणार नाही. ताडपत्री सोडली आणि सगळं आवार देवळासारखं दरवळलं. रसायनांच्या उग्र वासात राहणारी माणसं आम्ही. कँटीनमधून, टाक्यांवरून, गोदामातून माणसं बाहेर आली. आमचा पाला चुरा होऊन गोण्यांत येतो, इथं तर जुड्या बांधलेल्या. वॉचमननं एक जुडी घेऊन केबिनमधल्या गणपतीपुढं ठेवली. दोघी-तिघींनी वेणीत खोवला. मी नमुना घेतला आणि वर गेले. वासावरून मला अंदाज आला होता, पण अंदाज हा माझा धंदा नव्हे. पट्टी तापवली. ठिपक्याच्या जागी काही नाही, स्वच्छ पांढरं. दुसऱ्यांदा केली, तेच. खाली येऊन मी "नापास" म्हटलं, तेव्हा खरेदीचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, पण दवणाच आहे हा!"

"हो," मी म्हटलं, "तोच तर घोटाळा आहे."

या ट्रकाचं भलं झालं ते पनवेलच्या युसुफभाईंमुळे. त्यांचा अत्तराच्या तेलांचा व्यापार. बातमी कशी पोचली कोण जाणे, दुसऱ्या दिवशी ते फाटकात हजर. एक काडी चुरगाळून नाकाशी धरली, डोळे मिटले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही ज्याला नापास करता ना, त्याच्यावर आमची रोजी चालते. अल्ला कसम, काय खुशबू आहे!" ट्रक त्यांच्याकडे गेला, खरेदीचे गृहस्थ वाचले आणि आम्ही चार दिवस हसलो. मला वाटलं, गोष्ट संपली.

आमच्या अर्क विभागात हसुराम म्हात्रे नावाचे ज्येष्ठ ऑपरेटर होते. राहणार ओवे, खारघरजवळचं गाव. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, त्याबदली भूखंड आले, दुमजली घर झालं. गळ्यात जाड चेन घालून ते स्वतःच्या गाडीनं कामावर येत. "एवढं असून नोकरी कशाला करता?" असं कुणी विचारलं की म्हणत, "घरी बसलाव तर आय कामाला लावतेय. त्यापरास हितं बरा." माणूस दिलदार, कामात चोख आणि स्वतःच्या कामाचा भारी अभिमान असलेला. मुलांची सहल आली की माझं लेक्चर तेही मागं उभं राहून ऐकत आणि मी काही विसरले तर जोडत.

ट्रक गेल्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी कँटीनमध्ये ते माझ्यापुढं येऊन बसले. चेहरा खुललेला.

"म्याडम, आपले पाल्याचा गुन आला."

"कसला गुण?"

"रंजनाला ताप आलता." रंजना त्यांची मुलगी. ओटी भरून सातव्या महिन्यात माहेरी आली होती. "थंडी वाजून, ह्यो ताप! आय बोलली, तुजे कारखान्यात त्याचाच औषध करतान ना, मंग आन की. मी पाला काढून दिला, आयेनं काढा केला. घाम फुटला आनि उतरला. काल पोरगी पोटभर जेवली."

"कुठला पाला दिलात हसुराम?"

"तो नाय का, वासाचा. ट्रकमदला. एक जुरी मी घरी नेलती, देवापुढं. ट्रक नापास झाला तरी दवनाच ना, मना वाटला कस कमी आसंल."

माझ्या हातातला चहा तिथंच राहिला. त्या पाल्याची पट्टी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती, एकदा सोडून दोनदा. आणि मलेरियाचा ताप असा दिवसाआड उतरतो, घाम येतो, माणूस जेवतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात. त्या वेळात जंतू मेलेला नसतो, तो पुढच्या पेशींत शिरलेला असतो. मी घाबरले.

त्याला कारण होतं. खूप पूर्वी आमच्याच आवारात गोदामाचं बांधकाम चालू असताना परराज्यातून आलेला एक मजूर तापानं गेला. ताप यायचा, उतरायचा, तो पुन्हा विटा उचलायचा. रक्त तपासलं तोवर उशीर झाला होता. ज्या गोदामाच्या भिंती तो बांधत होता त्याच्या पलीकडच्या गोदामात छतापर्यंत पाल्याच्या गोण्या रचलेल्या होत्या. ते मला कधी विसरता आलं नाही.

मी हसुरामना म्हटलं, आत्ताच्या आत्ता घरी फोन करा आणि मुलीला रक्त तपासायला न्या. त्यांनी फोन स्पीकरवर लावला. पलीकडून आईचा आवाज आला, "पोर आता कुटं निजलीय. तिला हालवू नको. ताप गेला ना? मंग रगत कनाला काढताव गरवार पोरीचा?" आणि फोन बंद. हसुरामनी माझ्याकडे पाहिलं. पन्नाशी उलटलेला माणूस, टाक्यांचे व्हॉल्व्ह डोळे मिटून चालवणारा, पण आईपुढं त्यांचं काही चालत नसे.

"गाडी काढा," मी म्हटलं. मॅनेजरना मी विचारलं नाही, सांगितलं. निघताना प्रयोगशाळेतून दोन पट्ट्या पाकिटात घातल्या. एक आमच्या खऱ्या पाल्याची, एक त्या जुडीच्या ट्रकाची.

कळंबोलीला लोखंडाच्या ट्रकांनी रस्ता अडवलेला. एरवी शांतपणे गाडी चालवणारे हसुराम हॉर्नवरून हात काढेनात. मधेच म्हणाले, "म्याडम, तुमीच तर बोलता, पाल्यान औषध हाय."

"पाल्यात आहे. त्या पाल्यात नाही. आणि खऱ्या पाल्याचा काढा दिला असता तरी मी हेच म्हटलं असतं. ते द्रव्य पाण्यात धड उतरत नाही. थोडं उतरलं, थोडं नाही, जंतू अर्धमेला होतो आणि पुन्हा उठतो, वर औषधाला सरावतो. एवढ्या टाक्या, एवढी यंत्रं आपण हौस म्हणून चालवतो का?"

आपण वर्षानुवर्षं ज्या टाक्या चालवल्या त्या कशासाठी, हे त्यांना त्या दिवशी मी रागावून सांगत होते.

ओव्यातलं त्यांचं घर चकचकीत. देव्हाऱ्यात दवण्याची जुडी, स्वयंपाकघरात गॅसवर काढ्याचं पातेलं. घरभर तोच वास. रंजना पलंगावर उशीला टेकून बसली होती. ओठ फिके, डोळ्यांखाली काळं, पण हसली. तिच्या पायाशी आजी. कानात जड सोनं, पाठ ताठ, नजर माझ्यावर.

मी नमस्कार केला आणि म्हटलं, "आजी, हिचं रक्त तपासायला न्यायला आले आहे. हा ताप पुन्हा येणार."

"कोन बोलला?"

"मी. मी हा पाला तपासलाय. यात तापाचं औषध नाही."

आजींनी हात जोडून देव्हाऱ्याकडं पाहिलं. "देवाचा दवना हाय तो. त्याला खोटा बोलताव?"

"खोटा नाही म्हणत. देवाला वाहायला तोच खरा. पण औषधाचा दवणा वेगळा." मी पट्ट्या बाहेर काढल्या. एकीवर गुलाबी ठिपका, जरासा विटलेला पण स्पष्ट. दुसरी कोरी.

आजींनी त्या हातातही घेतल्या नाहीत. "आमाला तुमचे काचंत काय कलतंय बाय? पोरीचा आंग गार परलाय, ता माजे हाताला कलतंय." आणि त्यांनी रंजनाच्या कपाळावर तळहात ठेवला. त्या हाताशी मी काय भांडणार? इतक्या पोरांचे ताप त्या हातानं उतरलेले पाहिले होते, न उतरलेलेही पाहिले असतील.

हसुराम दारात उभे. मी त्यांच्याकडे पाहत होते, ते आईकडे. आणि मग रंजनानं हात पुढं केला. "मना बगू द्या."

तिनं दोन्ही पट्ट्या उजेडाला धरल्या. "दोनीपन दवनाच ना? मंग एकीवरच गुलाबी कसा?"

"कारण ज्याला आम्ही दवणा म्हणतो तो दवणा नव्हेच. सोयीसाठी नाव पडलंय. तुझ्या बाबांनी नाव ऐकून तोच दिला."

तिनं पट्ट्या खाली ठेवल्या, पोटावर हात ठेवला आणि आजीला म्हणाली, "आजे, मी एकटी असती तर तुजा ऐकला असता. मी एकटी नाय. मना जायचाय."

आजी उठल्या. मला वाटलं आता आकाश कोसळणार. त्यांनी पदर खोचला, कपाटातून एक शाल काढली आणि म्हणाल्या, "मी बी येताव. पोरीला एकटी नाय सोरनार."

खारघरचा पूल ओलांडेपर्यंत रंजनाला थंडी भरली. आधी नुसते खांदे, मग दात वाजायला लागले, मग सगळी सीटच हलू लागली. आजींनी शाल गुंडाळली, तिच्यावर आपला पदर, त्याच्यावर आपलं अंग. ज्या हाताला आंग गार लागलं होतं त्याच हाताखाली ते तापत चाललं होतं.

पनवेलच्या दवाखान्यात बोट टोचलं, पट्टीवर रक्ताचा थेंब टाकला. यांची पट्टी माझ्या पट्टीपेक्षा घाई करते, चहा होईपर्यंत रेघ उमटते. फॅल्सिपेरम निघाला. मलेरियाच्या जातीतला सगळ्यात दुष्ट, मेंदूत शिरणारा, गरोदर बाईत वारेला चिकटून बसणारा. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी रंजनाला लगेच दाखल केलं, पोटावर यंत्र ठेवलं आणि बाळाचे ठोके शोधायला लागल्या. एकीकडे ठेवलं, दुसरीकडे सरकवलं. हसुराम भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मग ठोके लागले, घोडा दौडावा तसे, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आहे. पण अजून एक थंडी गेली असती तर मी काही सांगू शकले नसते."

इंजेक्शनची बाटली त्यांनी टेबलावर ठेवली. आर्टेसुनेट. आमच्या पांढऱ्या सुयांवर पुढची प्रक्रिया करून हे होतं. लेबल दुसऱ्याच कंपनीचं होतं. त्यातलं मूळ द्रव्य कुठल्या गावच्या पानातून आलं, कुणी भिजवलं, कुणी ठिपका पाहिला, देव जाणे. हसुरामनी बाटली उचलून उजेडाला धरली आणि पुन्हा ठेवून दिली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं. इतकी वर्षं आम्ही दोघांनी ते द्रव्य टाकीत, ट्रेमध्ये, पिंपात पाहिलं होतं. माणसाच्या शिरेत जाताना पहिल्यांदाच पाहत होतो.

रंजनाचा ताप उतरला तो त्या वेळी खरोखरीच उतरला. इंजेक्शनं झाली, मग जोडीच्या औषधासह गोळ्या सुरू झाल्या. एकट्या आर्टेमिसिनिनवर हल्ली कुणी भिस्त ठेवत नाही, सोबत दुसरं औषध देतात, म्हणजे एकाच्या तावडीतून सुटलेला दुसऱ्याच्या हाती सापडतो. मी भेटायला गेले तेव्हा ती पेज पीत होती. आजी कॉटशेजारी स्टुलावर. मला बघून त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "राखली बाय पोरीला, दवन्यानं राखली. तुमीच बोल्लाव ना, त्या सुईन पन दवनाच हाय."

इथं "हो आजी" म्हणणं किती सोपं होतं. त्यांचा मान राहिला असता, माझा वाईटपणा टळला असता आणि गोष्ट गोड झाली असती. पण गल्लीत पुढचा ताप आला की पुन्हा पातेलं चढलं असतं. मी म्हटलं, "नाही आजी. सुईतला वेगळा. तुमच्या देवापुढच्या दवण्यानं हिला काडीचा उपयोग झाला नाही. दोघं एका कुळीतले आहेत, एवढंच."

रंजनानं पेजेचा चमचा थांबवला. हसुराम खिडकीबाहेर बघायला लागले. आजी स्टुलावरच माझ्याकडे वळल्या.

"एके कुलीतले म्हंजे भाऊबंद ना?"

"हो. चुलत भाऊबंद."

"मंग असा सांगा की सुरवातीलाच," आजी म्हणाल्या. "भाऊबंद कदी येलेला कामाला आलेत? आमचेच घ्या. सात-बाऱ्यावर नाव समद्यांचा, दवाखान्यान दिसतंय का कोन?"

मी इतकी हसले की नर्स ओरडायला आली. टर्पिनॉइडच्या घराण्यावर मी आयुष्यभर लेक्चरं दिली, पण एक कामाचा आणि एक बिनकामाचा हे इतक्या झटकन माझ्याकडून कुणाला समजलं नव्हतं.

त्यानंतर मी कारखान्यात एक हट्ट धरला. दवणा हा शब्द बंद. तोंडी, फोनवर, फळ्यावर, सगळीकडे ॲनुआच म्हणायचं. लोकांनी पुष्कळ चेष्टा केली. एक जण तर मुद्दाम "अनुआक्का" म्हणायला लागला. म्हणोत बापडे, दवणा तर म्हणत नव्हते. आता म्हणे यीस्टला साखर चारून त्याच्याकडूनही हे द्रव्य घडवून घेतात. उद्या कदाचित पाल्याच्या ट्रकांची गरजच उरणार नाही. त्याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण पेशंटला पान कुठलं याच्याशी देणंघेणं नसतं आणि नसावं.

रंजनाला मुलगी झाली, दिवस भरून, ठणठणीत. बारशाला मी गेले होते. हसुरामनी नाव सुचवलं होतं आर्टेमिसिया. "आमच्यान असली नावा नाय ठेवत," असं सांगून आजींनी ते मोडून काढलं आणि ईश्वरी ठेवलं. पाळण्याची गाणी झाली, पंगत बसली. कोलंबीचं कालवण नुकतंच पानात पडलं होतं, तेवढ्यात शेजारची बाई मागच्या दारानं आत आली. तिचा नवरा विमानतळाच्या कामावर होता, सकाळपासून थंडी वाजून कण्हत होता. ती आजींच्या कानाशी वाकून म्हणाली, "तो दवना हाय का गो तुज्याकरं? रंजीला दिलावतास ना, त्यातला जरा दे. काढा करून देताव."

मी पानावरून उठणार होते. आजींनी मला हातानं बसवलं.

"दवना देवाचा हाय," त्या म्हणाल्या. "तापाचा नाय. आदी बोट टोचून ये त्याचा. हसू, गारी काढ."

हसुराम भरल्या पानावरून उठले, तसाच हात धुतला आणि बाहेर गेले. शेजारणीच्या नवऱ्याला दोघांनी धरून गाडीत बसवलं. आजी पायरीपर्यंत गेल्या. गाडी सुरू झाली, तशी त्यांनी काचेवर थाप मारून ती पुन्हा थांबवली, आणि आत वाकून त्या कण्हणाऱ्या माणसाला दटावून सांगितलं, "आनि आयक, परवा बरा वाटला तरी गोल्या सोरू नको. समद्या खा. तो बरा वाटतंय ना, तोच खोटा असतंय."